पत्ते, ठोकळे आणि पडद्यावरचा चेंडू

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ती ७१ वर्षांची होती. उजवा हात लुळा पडला. एका खाजगी केंद्राने 'पडद्यावरच्या खेळांनी हात लवकर सुधारतो' असे सांगून महिन्याचे पैसे आगाऊ घेतले. लवकर म्हणजे कशापेक्षा, हे विचारायचे मला तेव्हा सुचले नाही. वैद्यकशास्त्र मी शिकलेलो नाही. पण त्या प्रश्नापायी शोधनिबंध वाचत गेलो.

आभासी वास्तवाचे यंत्र तसे जुने. इव्हान सदरलंड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर घालायचा पडदा तयार केला. त्याला जोडलेले यंत्र छताला टांगलेले असे. पुढची अनेक वर्षे असली साधने महागडीच राहिली. नोव्हेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोचा 'वी' हा खेळसंच बाजारात आला आणि चित्र पालटले. हातातला रिमोट फिरवला की पडद्यावर टेनिसचा चेंडू टोलवला जाई. हा घरगुती संच पुनर्वसन कक्षांत पोहोचला. त्यामागचा विचार सरळ होता : झटक्यानंतर मेंदूला हालचाल पुन्हा शिकवायची तर ती शेकडो वेळा करावी लागते, व्यायामाचा कंटाळा येतो, खेळाचा येत नाही.

टोरांटोचे डॉ. गुस्तावो सपोस्निक यांनी हा विचार तपासला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्राथमिक अभ्यासात २२ रुग्ण होते. 'वी' खेळणाऱ्यांचा हात अधिक वेगाने चालू लागलेला दिसला. मग चार देशांत १४१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांखेरीज एका गटाला 'वी', तर दुसऱ्याला पत्ते, बिंगो, लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, चेंडू असे साधे खेळ दिले. दोन आठवड्यांत तासाभराची दहा सत्रे. २०१६ मध्ये निष्कर्ष आला : दोन्ही गट सुधारले, त्यांच्यात लक्षणीय फरक नाही. पुढच्याच वर्षी कॉक्रेन संस्थेने ७२ चाचण्यांचा आढावा घेतला. हाताच्या बाबतीत आभासी वास्तव नेहमीच्या उपचारांहून सरस ठरले नाही. मात्र त्या उपचारांना जोड म्हणून, सरावाचा एकूण वेळ वाढवण्यासाठी, ते उपयोगी पडू शकते.

यातून 'पत्त्यांनी हात बरा होतो' असा अर्थ काढणेही चूक. मुळीच न खेळणारा गट त्या चाचणीत नव्हता, आणि झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत काही सुधारणा आपोआपच होते. डोळ्यांवर चढवायच्या चष्म्यांचा हिशेबही वेगळा मांडावा लागेल. इतके मात्र म्हणता येते की, महागडे यंत्र परवडत नाही म्हणून कुणाच्या मुलांनी अपराधी वाटून घेऊ नये.

हे सगळे मी वाचले तोवर आगाऊ भरलेला महिना केव्हाच संपला होता. आता संध्याकाळी शेजारच्या दोघी येतात आणि आम्ही मेंढीकोट मांडतो. आई पाने डाव्या हातात धरते आणि उजव्याने टाकते. वेळ लागतो. आम्ही थांबतो.