नोंदवहीपासून ओळखक्रमांकापर्यंत: कर्जत परिसरातील सरकारी आरोग्य अर्जांचा इतिहास

सरकारी आरोग्यसेवेच्या अर्जावर नागरिकाचा ओळखक्रमांक मागणे ही गोष्ट आता इतकी रूढ झाली आहे की, तो रकाना तेथे कोणत्या कारणाने आणि कोणाच्या अधिकाराने आला, हे क्वचितच विचारले जाते. ओळखक्रमांक म्हणजे शासनाने एका व्यक्तीला दिलेला, दुसऱ्या कोणासही न मिळणारा आणि सहसा जन्मभर न बदलणारा अंक. असा अंक रुग्णाकडून मागण्याचे समर्थन कशाच्या आधारे करता येते, हे ठरवायचे असेल, तर त्यापूर्वी दीड शतकभर आरोग्याच्या कागदांवर कोणते क्रमांक येत गेले, ते कोण देत होते आणि त्यांचा भार कोणावर पडत होता, याचा मागोवा घेणे आवश्यक ठरते.

या दृष्टीने कर्जत रेल्वे स्थानकालगतचे भिसेगाव आणि त्याभोवतीचा कर्जत-खालापूरचा टापू विशेष अभ्यसनीय आहे. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता; त्या वर्षी तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नामांतर रायगड असे झाले. भिसेगाव आता कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. एका बाजूला मुंबई-पुणे लोहमार्गामुळे महानगराशी जोडलेली वस्ती आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीच्या पायथ्याच्या ठाकूरवाड्या व कातकरवाड्या, असे या टापूचे रूप असल्याने, कागदपत्रे जपून ठेवणारी कुटुंबे आणि कागदाशी फारसा संबंध न आलेली कुटुंबे येथे एकाच दवाखान्याच्या दारात उभी राहतात.

आरोग्याशी संबंधित नोंदीचा येथील सर्वांत जुना प्रकार म्हणजे गावपातळीवरील जन्म-मृत्यूची नोंदवही होय. महसुली दप्तरात ती ‘गाव नमुना १४’ या नावाने ओळखली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात ही नोंद ठेवण्याचे काम ग्रामाधिकाऱ्यांकडे होते आणि मृत्यूच्या कारणासाठी पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा अशी मोजकीच वर्गवारी वापरली जाई. या नोंदवहीत प्रत्येक घटनेला अनुक्रमांक पडत असे. परंतु तो त्या घटनेचा क्रमांक होता, व्यक्तीचा नव्हता. बाळाच्या किंवा मृताच्या कुटुंबाला तो कोठेही सादर करावा लागत नसे, कारण कोणत्या रोगाने किती माणसे दगावली हे सरकारला कळावे, एवढाच त्याचा हेतू होता आणि तो हेतू माणसाच्या अंगाला कोणताही अंक न चिकटवता साध्य होत होता.

देवीच्या लसीकरणाने या व्यवस्थेत व्यक्तीचा दाखला आणला. भारतातील पहिले लसीकरण १४ जून १८०२ रोजी मुंबईत झाले, परंतु जिल्ह्यांमध्ये सक्तीला कायद्याचा आधार मिळाला तो १८९२ च्या जिल्हा लसीकरण कायद्याने. देवी टोचल्यानंतर काही दिवसांनी लस लागली की नाही हे तपासून दाखला देण्याची पद्धत होती. येथे प्रमाण दुहेरी होते: एक कागदावरचे आणि दुसरे दंडावरच्या वणाचे. ज्याचा कागद हरवला त्याचा वण हरवत नसे, म्हणून निरक्षर कुटुंबालाही लस घेतल्याचे सिद्ध करणे अवघड जात नसे.

ओळखपत्राचा प्रश्न सक्तीच्या स्वरूपात पुढे आला तो १८९६ च्या प्लेगबरोबर. १८९७ च्या साथरोग कायद्याने रेल्वेने व अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचे आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचे अधिकार सरकारला दिले. घाट चढण्यापूर्वी मागे जादा इंजिने लावण्यासाठी गाड्या कर्जतला थांबत. अशा लोहमार्गावरील गावांसाठी ही तरतूद केवळ कागदावरची नव्हती. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी तयार केलेली प्लेगची लस घेतलेल्यांना मिळणारा दाखला सक्तीच्या निर्बंधांतून काही सूट देणारा ठरला, आणि आरोग्याचा कागद जवळ असणे व हिंडण्याफिरण्याची मोकळीक मिळणे यांचा संबंध प्रथमच उघडपणे जोडला गेला. पुण्यात प्लेगनिवारणाच्या अतिरेकाने जो क्षोभ उसळला, त्यातून एक धडा मिळाला होता: साथ कितीही भयंकर असली, तरी ज्यांच्यावर उपाय करायचे त्यांना कारण न सांगता केलेला उपाय लोकांचा विश्वास गमावतो आणि मग रोग लपवला जातो.

स्वातंत्र्यानंतरच्या मोहिमांनी क्रमांकांचा वापर वाढवला, पण त्यांचे स्वरूप वेगळे होते. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. घरोघरी फिरणारा कर्मचारी भेटीची तारीख भिंतीवर लिहीत असे आणि तापाच्या रुग्णाच्या बोटातून घेतलेल्या रक्तनमुन्याच्या काचपट्टीला क्रमांक देत असे. प्रयोगशाळेत जंतू आढळला, तर त्या क्रमांकावरून रुग्णाचे घर सापडे आणि त्याला औषध मिळे. क्षयरोग कार्यक्रमातही नोंदणीक्रमांक होता, आणि प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर असा क्रमांक आजही असतो. या सर्व क्रमांकांमध्ये एक समान सूत्र होते: क्रमांक कार्यालय देत असे, तो त्या कामापुरताच असे आणि काम संपले की त्याचे महत्त्वही संपे. रुग्ण रिकाम्या हाताने आला, तरी क्रमांकाअभावी त्याला परत जावे लागत नसे, कारण क्रमांक तयार करण्याची जबाबदारी सेवा देणाऱ्याची होती.

ही दिशा उलटली ती आरोग्यसेवेबरोबर पैशाचा लाभ देणाऱ्या योजना आल्यावर. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनेत मोफत शस्त्रक्रियेची पात्रता पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवरून ठरे. म्हणजे धान्यवाटपासाठी १९९९ मध्ये रंगवार विभागलेले कार्ड रुग्णालयातील प्रवेशाचे साधन झाले. ज्या कातकरी कुटुंबांना दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जावे लागते आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतता येते, त्यांच्यासाठी शिधापत्रिका मिळवणे आणि टिकवणे हेच मुळात कठीण असते. त्यामुळे जेथे गरज सर्वाधिक, तेथेच कागद सर्वांत कमी, अशी स्थिती निर्माण होते.

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. बारा अंकी असा हा क्रमांक बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांच्या खुणांशी जोडलेला आहे. काही वर्षांतच तो आरोग्य योजनांच्या अर्जांवर आला. जून २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने क्षयरोग कार्यक्रमातील आर्थिक लाभांसाठी आधारची अट अधिसूचित केली. २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या अर्जात प्रारंभी मातेबरोबर पतीचाही आधार क्रमांक मागितला जाई. ज्या स्त्रीला पतीने टाकले आहे किंवा जी अविवाहित माता आहे, तिला या एका रकान्यामुळे लाभापासून वंचित राहावे लागे. योजनेच्या २०२२ पासूनच्या सुधारित रूपात ही सक्ती काढून टाकण्यात आली. एखादी माहिती खरोखर आवश्यक होती की केवळ सोयीची होती, हे ती वगळल्यावर कळते. पतीच्या क्रमांकाशिवायही योजना चालू राहिली, यातूनच तो रकाना अनावश्यक होता हे सिद्ध झाले.

तरीही क्रमांक मागण्याच्या बाजूने असलेले युक्तिवाद पोकळ नाहीत. वाघमारे, पवार, मुकणे अशी आडनावे वाडीवाडीत आढळतात, नावांचे लेखन दर कागदावर बदलते आणि अनेकांची जन्मतारीख नोंदलेली नसते. अशा ठिकाणी एका रुग्णाच्या गोळ्या दुसऱ्याच्या नावे पडण्याचा धोका असतो. क्षयरोगाच्या औषधांचा कोर्स किमान सहा महिन्यांचा असतो, आणि रुग्ण मध्येच भट्टीवर गेला, तर तेथील आरोग्यकेंद्राला त्याचे उपचार कोठवर आले हे कळायला हवे. गरोदर मातेच्या माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिला जाणारा नोंदणीक्रमांक याच कारणासाठी मोलाचा आहे. थेट बँक खात्यात रक्कम जमा केल्याने मधल्या हातांची गळती थांबते, हेही खरे. परंतु यांपैकी पहिली दोन कारणे आरोग्यव्यवस्थेने स्वतः दिलेल्या क्रमांकानेही पूर्ण होतात. सर्व व्यवहारांना जोडणारा राष्ट्रीय क्रमांक केवळ तिसऱ्या कारणासाठी पुढे येतो, आणि तेही पैसे देताना, औषध देताना नव्हे. हा फरक आरोग्य अर्जांवर सहसा दिसत नाही आणि वादाचे मूळ तेथेच आहे.

कायद्याने हा फरक मान्य केला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्याला मर्यादा घालायची, तर त्यामागे कायदा हवा, रास्त उद्दिष्ट हवे आणि उपाय त्या उद्दिष्टाच्या प्रमाणात हवा. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने शासकीय लाभांसाठी आधार मागण्याची मुभा कायम राहिली, मात्र आधार नाही म्हणून मुलांना लाभ नाकारता येणार नाही, असे स्पष्ट झाले. खुद्द २०१६ च्या आधार कायद्याचे कलम ७ सांगते की, क्रमांक मिळालेला नसेल, तर ओळखीचा अन्य मार्ग द्यावा; कलम ८ सांगते की, पडताळणी करणाऱ्याने घेतलेल्या माहितीचा उपयोग कशासाठी होणार आणि तिला पर्याय कोणता, हे संबंधित व्यक्तीला कळवावे. म्हणजे कारण सांगणे हा अधिकाऱ्याचा मोठेपणा नसून त्याचे कर्तव्य आहे.

इतर देशांचा अनुभव याला पुष्टी देतो. अमेरिकेत १९७४ च्या खासगीपणा कायद्याने अशी अट घातली की, सामाजिक सुरक्षा क्रमांक मागणाऱ्या शासकीय कार्यालयाने तो देणे सक्तीचे आहे की ऐच्छिक, कोणत्या कायद्याने तो मागितला जातो आणि त्याचा उपयोग काय होणार, या तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. तरीही मेडिकेअर या वृद्धांसाठीच्या शासकीय आरोग्यविम्याच्या कार्डांवर तोच क्रमांक अनेक दशके छापला जात राहिला. ओळखचोरीच्या भीतीमुळे २०१५ मध्ये कायदा करून २०१९ पर्यंत ती कार्डे बदलण्यात आली. ब्रिटनने आरोग्यसेवेसाठी दहा अंकी स्वतंत्र क्रमांक ठेवला आहे.

भारतातही करोनाच्या लसीकरणात असाच प्रसंग आला. कोविन या संकेतस्थळावरील नोंदणीसाठी अनेक ओळखपत्रांपैकी कोणतेही एक चालत होते, ज्यांच्याकडे एकही ओळखपत्र नव्हते त्यांच्यासाठी मे २०२१ मध्ये वेगळी कार्यपद्धती जाहीर झाली आणि आधार सक्तीचे नाही, हे फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नोंदले गेले. एवढी मोठी मोहीम एका क्रमांकावर अडून न राहता पार पडली, हा पुरावा दुर्लक्षिण्यासारखा नाही. याच काळात आलेला चौदा अंकी आभा क्रमांक आरोग्यापुरता आणि ऐच्छिक आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्तीतही माता-पित्यांचा आधार ‘उपलब्ध असल्यास’ नोंदवावा, असे शब्द आहेत. तरतुदींची भाषा सौम्य आहे, परंतु अर्जाच्या रकान्यात ती सौम्यता उतरत नाही, कारण रिकामा रकाना असलेला अर्ज खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला अपूर्ण वाटतो.

या इतिहासातून निष्कर्ष एकच निघतो. गाव नमुना १४ पासून रक्ताच्या काचपट्टीपर्यंतच्या क्रमांकांवर लोकांनी विश्वास ठेवला, कारण त्यांचा भार सरकारने वाहिला आणि त्यांचे काम सर्वांना दिसत होते. आज भार रुग्णावर आला आहे. म्हणून समर्थनाचा भार सरकारने उचलला पाहिजे. प्रत्येक आरोग्य अर्जावर ओळखक्रमांकाच्या रकान्याशेजारी साध्या मराठीत तीन ओळी छापल्या जाव्यात: कोणत्या कायद्याने हा क्रमांक मागितला जातो, त्याचा उपयोग कशासाठी आणि किती काळ होईल, आणि तो दिला नाही तरी कोणते उपचार मिळतीलच. ज्या रकान्यासाठी या तीन ओळी लिहिता येत नाहीत, तो रकाना अर्जातून काढून टाकावा. आणि अर्ज भरणाऱ्या प्रत्येक नागरिकाने, मग तो भिसेगावातील चाकरमानी असो की डोंगरावरील वाडीतला भट्टीकामगार, क्रमांक लिहिण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारावेत, कारण ते विचारण्याचा हक्क त्याला कायद्याने दिलेला आहे.