धाब्यावरचा दुसरा मजला

कायदा धाब्यावर बसविण्याची सोय मराठी वाक्प्रचाराने सर्वांनाच करून दिलेली असली, तरी वऱ्हाडातल्या घरमालकाला त्याच धाब्यावर दुसरा मजला बसविणे सहसा साधले नाही. मातीच्या रुंद भिंती, त्यांवर सागाच्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पुन्हा मातीचा थर, असे ते घर. आणि त्याखालची काळी जमीन तर उन्हाळ्यात भेगाळणारी व पावसाळ्यात फुगणारी. तेव्हा चार बिऱ्हाडांची आठ करावयाची, तर जुने घर मुळापासून उतरविण्यावाचून गत्यंतर नसे.

ही बिऱ्हाडे मुळात आली कापसामागून. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले, १८६१ ते ६५ या अमेरिकन यादवीच्या वर्षांत येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोहोचली. मग दलाल, कारकून व वकील यांच्या वस्तीसाठी अमरावतीच्या परकोटाच्या आत आणि अकोल्यात मोर्णेच्या काठी ओसऱ्यांना कूड घालून खोल्या निघू लागल्या.

पाडण्याचा निर्णय मात्र पुढे मालकाच्या हाती राहिला नाही. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४९ च्या घरभाडे नियंत्रण हुकुमान्वये भाडेकरूस जागा सोडण्याची नोटीस द्यावयाची, तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. ती मिळाल्यावर दिवाणी दावा निराळाच. भाडे थकल्याचे, पोटभाडेकरू ठेवल्याचे किंवा स्वतःच्या गरजेचे कारण सांगता येई. घर रिकामे केल्याविना न होणारी दुरुस्ती वा फेरफार हेही कारण ग्राह्य होते. पण पाडून नवे बांधणे हा फेरफारच की काय, याचा कीस काढण्यात वकिलांची हयात जाई. भाडेकरूच्या डोक्यावरचे छप्पर या हुकुमाने राखले, हे मी निःसंकोच मान्य करतो. परंतु ते छप्पर गळू लागल्यावर शाकारावे कोणी, याचे उत्तर पंधरा रुपये भाड्यात मिळणे दुर्घट होते.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा नवा कायदा लागू झाला आणि पाडून नवी इमारत उभारण्याच्या निकडीला ताबा मागण्याचे कारण म्हणून स्पष्ट स्थान मिळाले. तरीही आठ बिऱ्हाडांचा नकाशा घेऊन निघालेला मालक, जागा नझुलाची असेल तर, अद्याप प्रथम नझूल कचेरीची पायरी चढतो. कारण घर आजोबांचे असले, तरी त्याखालची जमीन सरकारची, आणि पट्टा बहुधा तीस वर्षांचा.