पत्ते लिहिणारं यंत्र

पत्त्यांचा कॅट म्हटलं की आपल्याला 52 पानं, रमी, मेंढीकोट आणि मे महिन्याच्या सुट्टीतली भांडणं आठवतात. ह्या पत्त्यांत नियम खेळाचे असतात, पानाचे नसतात. इस्पिकचा गुलाम काय करू शकतो हे त्या गुलामावर कुठेही छापलेलं नसतं.

रिचर्ड गारफील्डने हे उलटं केलं. हा माणूस गणितवाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॉम्बिनेटोरिक्समध्ये पीएचडी करणारा. त्याचा 'मॅजिक: द गॅदरिंग' ऑगस्ट 1993 मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट ह्या तेव्हाच्या छोट्या कंपनीने बाजारात आणला. ह्या खेळात प्रत्येक पानावर त्या पानाचा स्वतःचा नियम छापलेला असतो. खेळाडू पानं विकत घेतो, अदलाबदल करतो, किमान 60 पानांचा आपला कॅट बांधतो आणि समोरच्याचे 20 गुण शून्यावर आणायला बघतो. आज ह्या खेळाची 25 हजारांहून जास्त वेगवेगळी पानं आहेत.

म्हणजे मॅजिकचं पान हा एक छोटासा प्रोग्रॅमच आहे. फक्त तो इंग्रजीत लिहिलेला आहे, आणि गोची तिथेच आहे.

खेळ छापला जाण्याआधी गारफील्डचे मित्र तो खेळून बघत होते, तेव्हाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. एकजण म्हणाला, माझ्याकडे असं पान आहे की पुढच्या खेळीत मी हमखास जिंकतो! पान बघितलं तर त्यावर 'अपोनंट लूजेस नेक्स्ट टर्न' अशा अर्थाचं वाक्य. गारफील्डला म्हणायचं होतं की समोरचा पुढची खेळी गमावतो. ह्या पठ्ठ्याने वाचलं की समोरचा पुढच्या खेळीत हरतो. मराठीत 'गमावणे' आणि 'हरणे' वेगळे, इंग्रजीत दोन्हीला 'लूज'. तेच पान नंतर 'टाइम वॉक' म्हणून छापलं गेलं आणि त्यावरचं वाक्य बदलून 'ह्या खेळीनंतर आणखी एक खेळी घ्या' असं झालं. लक्षात घ्या, वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. चूक सापडली ती कोणीतरी ते पान हातात घेऊन खेळायला बसलं म्हणून.

पुढे ही भाषा घोटून घोटून जवळजवळ कायद्याची भाषा झाली. 1999 साली सहाव्या आवृत्तीच्या नियमांत चक्क स्टॅक आला. हो, आपण डेटा स्ट्रक्चर्समध्ये शिकलो तोच, शेवटी आलेला आधी बाहेर. 2019 मध्ये तर तीन संशोधकांनी मॅजिक हा खेळ ट्युरिंग कंप्लीट आहे असं सिद्ध करून दाखवलं.

इतकी ठोकळेबाज भाषा आणि इतकी उदाहरणं असल्यावर कोणीतरी ती मशीनला शिकवणार हे उघडच होतं. मे 2015 मध्ये आंद्रेय कारपाथीने रिकरंट न्यूरल नेटवर्कवरचा त्याचा गाजलेला लेख आणि सोबत 'चार-आरएनएन' हा कोड प्रसिद्ध केला. काही आठवड्यांतच मॅजिकच्या चाहत्यांनी तोवरची सुमारे 15 हजार पानं त्याला खाऊ घातली. हे नेटवर्क एकेक अक्षर बघून पुढचं अक्षर ओळखायचं. शब्द म्हणजे काय हेही त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

मला ह्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आधी केलेली साफसफाई. पानाचं स्वतःचं नाव मजकुरात जिथे येईल तिथे एकच चिन्ह. आकडे एककात, म्हणजे तीन असेल तर तीन रेघा, लहान मुलांना शिकवतात तसं. 'काउंटर' ह्या शब्दाचे मॅजिकमध्ये दोन अर्थ आहेत: पानावर ठेवायची सोंगटी, आणि समोरच्याचा मंत्र हाणून पाडणं. त्यातल्या दुसऱ्या अर्थासाठी त्यांनी 'अनकास्ट' असा शब्दच घडवला. 'लूज'चाच घोळ, पण ह्यावेळी तो मशीनसाठी निस्तरला.

त्यातून आलेली पानं त्याच वर्षी 'रोबोरोजवॉटर' ह्या नावाने ट्विटरवर येऊ लागली (मॅजिकचा मुख्य डिझायनर मार्क रोजवॉटर, त्याच्या नावावरून). त्यातलं एक पान अजरामर झालं: 'स्लिडशॉकिंग क्रो', अंगी गुण कोणते, तर 'ट्रॉम्पल' आणि 'मॉइंटनस्पाल्क'. मूळ शब्द ट्रॅम्पल आणि माउंटनवॉक. लोक हसून लोळले. पुढे ही पानं छापून त्यांच्यावर खरोखर डावही रंगले.

2016 मध्ये काही संशोधकांनी उलटा प्रवास करून बघितला. मॅजिकची 13,297 आणि हार्थस्टोनची 665 पानं घेऊन, पानावरच्या मजकुरावरून त्याचा जावा किंवा पायथन कोड लिहायला मॉडेलला शिकवलं. शब्दशः बरोबर आलेले कोड 10 टक्क्यांच्याही आत होते. पण पान म्हणजे प्रोग्रॅम हे तिथे अधिकृतच झालं.

नंतरची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. 2019 मध्ये जीपीटी-2, 2020 मध्ये जीपीटी-3, 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी. आज मॉडेलला पान मागा, स्पेलिंग शुद्ध, वाक्य नियमात बसणारं, नावसुद्धा झोकदार. मग प्रश्न सुटला का?

इथे मला 'स्कलक्लॅम्प' आठवतं. हे माणसांनी केलेलं, फेब्रुवारी 2004 मध्ये आलेलं पान. एक हत्यार, ज्याच्या हातात द्याल त्याची ताकद एकने वाढते आणि तग धरण्याची क्षमता एकने कमी होते. तो मेला की तुम्हाला दोन पानं ओढायला मिळतात. वाचताना साधं वाटतं ना? पण क्षमता एकच असलेल्या कुठल्याही फुटकळ प्राण्याला ते दिलं की तो जागच्या जागी मरतो आणि तुम्हाला स्वस्तात दोन पानं. आकडे शेवटच्या टप्प्यात बदलले होते आणि पुरेसं खेळून बघायचं राहून गेलं. जून 2004 मध्ये त्यावर बंदी आली.

मजकूर शंभर टक्के बरोबर, पान शंभर टक्के चुकलेलं. कंपाइल होणं वेगळं आणि चालणं वेगळं, हे आपल्या धंद्यात कोणाला सांगायला नको. पानाची किंमत इतर हजारो पानांशी होणाऱ्या त्याच्या भेटीगाठींत असते, आणि त्यातल्या बहुतेक पानावर लिहिलेल्या नसतात.

दुसरं म्हणजे, मॉडेलला शिकवायला मिळाली ती छापलेली पानं. खेळून बघताना फाडून टाकलेली, मित्रांनी नावं ठेवलेली, दहादा आकडे बदललेली पानं त्यात नाहीत. म्हणजे उत्तरपत्रिका मिळाली, कच्चं काम मिळालंच नाही. डिझायनरचं शहाणपण मात्र त्या कच्च्या कामातच असतं.

विझार्ड्सने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केलं की मॅजिकच्या अंतिम उत्पादनात जनरेटिव्ह एआय वापरायचं नाही. पुढच्याच महिन्यात त्यांच्या एका जाहिरातीच्या चित्रात एआयचे तुकडे निघाले. आधी कंपनीने नाकारलं, मग कबूल केलं. इतक्या सजग लोकांच्याही नजरेतून ते सुटलं, कारण चित्र दिसायला ठीक होतं.

रोबोरोजवॉटरचं एक बरं होतं, त्याची चूक त्याच्या कपाळावर लिहिलेली असायची. 'मॉइंटनस्पाल्क' बघून कोणी फसत नाही. आताच्या मॉडेलची चूक स्कलक्लॅम्पसारखी, नीटनेटक्या वाक्यात लपलेली असते. म्हणून घरी कोणी स्वतःचा पत्त्यांचा खेळ बनवत असेल तर मॉडेलकडून खुशाल शंभर पानं लिहून घ्या. पण त्यातली दहा छापा, चार मित्र बोलवा, आणि काय फसलं ते वहीत लिहून ठेवा. त्या वहीतलं कुठल्याच मॉडेलने अजून वाचलेलं नसेल.