कमलांबा नवावरण कृतींची कुळकथा

मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५-१८३५) यांच्या कमलांबा नवावरण कृतींचे कूळ रागांत शोधण्याआधी पूजाविधीत शोधावे लागते. तिरुवारूर येथे जन्मलेले दीक्षितर तरुण वयात चिदंबरनाथ योगी यांच्यासमवेत काशीस गेले आणि तेथे त्यांना श्रीविद्येची, म्हणजे देवी हेच परमतत्त्व मानून श्रीचक्र या यंत्राच्या आधारे तिची उपासना करणाऱ्या शाक्त परंपरेची, दीक्षा मिळाली. काशीच्या वास्तव्यात कानी पडलेल्या ध्रुपदाचा ठसा त्यांच्या संथ, भारदस्त चालींवर जाणकारांना जाणवतो. मात्र रचनेचा सांगाडा त्यांनी घेतला तो उपासनेतून.

श्रीचक्राला नऊ आवरणे, म्हणजे एकात एक सामावलेले नऊ स्तर असतात. बाहेरच्या चौकोनी भूपुरापासून आरंभ करून पाकळ्यांची व त्रिकोणांची वर्तुळे ओलांडीत साधक मध्यबिंदूपर्यंत पोहोचतो. दीक्षितरांनी तिरुवारूरच्या कमलांबा या देवीला उद्देशून प्रत्येक आवरणासाठी एक कृती, म्हणजे पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण अशा अंगांची बांधीव रचना, संस्कृतात केली. आरंभी तोडी रागात ध्यान आणि अखेरीस श्री रागात मंगल जोडल्याने हा समूह अकरा रचनांचा झाला.

या रचनांत व्याकरणही उपासनेला जुंपलेले आहे. आनंदभैरवीतील पहिल्या कृतीत देवीचे नाव प्रथमा विभक्तीत येते, कल्याणीतील दुसऱ्या कृतीत द्वितीयेत, आणि याच क्रमाने आठव्या, घंटा रागातील कृतीत संबोधनापर्यंत पोहोचते. विभक्ती म्हणजे नामाचा वाक्यातील इतर पदांशी असलेला संबंध. त्यामुळे देवी कधी कर्ती, कधी भजनाचा विषय, कधी कृपेचे साधन, तर कधी आश्रयस्थान ठरते. आहिरी रागातील नवव्या, बिंदूच्या कृतीत मात्र आठही विभक्ती एकत्र आणल्या आहेत. हा केवळ पांडित्याचा खेळ मानणे अन्यायाचे होईल, कारण उपास्य आणि उपासक यांतील भेद जेथे मावळतो असे अद्वैत सांगते, तेथेच सारे संबंध एका रचनेत सामावतात.

आजही नवरात्रात रोज एक याप्रमाणे या कृती गाण्याची प्रथा दक्षिणेत आहे.