एक माणूस, एक मोहरा

पटावरील मोहऱ्यांचे मोल ठरविण्याचा खटाटोप फार जुना आहे, आणि त्याचा एक लेखी पुरावा आम्ही राहतो त्या पंजाबाशी निगडित आहे. इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बीरूनीने हिंदुस्थानविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. त्याचा या देशाशी प्रत्यक्ष परिचय झाला तो मुख्यतः पंजाबात. त्या ग्रंथात चौघांनी फासे टाकून खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन आहे. मारलेल्या मोहऱ्यांच्या हिशेबाने पणाची वाटणी होई; राजाचे मोल पाच, हत्तीचे चार, घोड्याचे तीन, रुखाचे दोन आणि प्याद्याचे एक. दोघांच्या खेळातील हत्ती एक घर समोर आणि एकेक घर चारी कोपऱ्यांकडे जाई. ही पाच घरे म्हणजे त्याची सोंड व चार पाय, अशी तेथील लोकांची मोठी गोड उपपत्ती त्याने नोंदविली आहे. (मराठीत आज ज्याला आपण हत्ती म्हणतो तो सरळ धावणारा मोहरा हा नव्हे, हा आपल्या उंटाचा पूर्वज.)

पाचांचा राजा आणि एकाचे प्यादे हा भेद उघडउघड विषम आहे. तरीही त्याने कोणाचे मन कधी दुखावले नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला एका घराच्या चालीऐवजी सबंध पटभर धावण्याची मुभा मिळाली, तेव्हाही उरलेल्या मोहऱ्यांची बाजू घेऊन कोणी भांडल्याचे ऐकिवात नाही. कारण साधे आहे. खेळणाऱ्याच्या हाती सगळे सैन्य असते. वजीर त्याचा आणि प्यादेही त्याचेच. मोहऱ्यांच्या समतोलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने जन्मास येतो तो एका माणसाच्या वाट्याला एकच मोहरा आला म्हणजे.

ही घटना घडावयास विसावे शतक उजाडावे लागले. १७८० मध्ये ब्रुन्सविकच्या हेलविगने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर पायदळ, घोडदळ व तोफखाना उभा केला. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झने पटाऐवजी नकाशा घेतला आणि चकमकींचा निकाल फाशांवर सोपविला. तरी सेनापती एक व सैन्य अनेक ही मांडणी कायमच होती. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा संस्थानात डेव्हिड वेस्ली याने ब्राउनस्टाइन नावाच्या कल्पित गावाभोवती एक युद्धखेळ रचला आणि गड्यांना पलटणी न देता माणसे दिली: एकाला नगराध्यक्ष केले, एकाला पेढीवाला. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन याने हा प्रकार अद्भुताच्या प्रदेशात नेला, आणि गॅरी गायगॅक्स याच्या साहाय्याने १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तीन पुस्तिका बाहेर पडल्या. एकाने सूत्रधार व्हावे, भुयारांचे व राक्षसांचे वर्णन करावे. इतरांनी प्रत्येकी एक पात्र होऊन काय करतो ते सांगावे. संशय पडेल तेथे फासे टाकावे. असा हा खेळ.

पंजाब विद्यापीठात शिकणारा माझा भाचा त्यात रमलेला आहे. गेल्या हिवाळ्यात सेक्टर १७ मधील एका उपाहारगृहात ही मंडळी खेळत असता मी शेजारी चहा घेत बसलो होतो. भाचा लढवय्या झाला होता. कुलूप आले, ते मांत्रिकाने मंत्राने उघडले. दरी आली, मांत्रिक उडून पलीकडे गेला. तीन तासांनी उठताना भाचा म्हणाला, “मामा, मी आज हमाल होतो.” हे वाक्य त्याने हसत म्हटले खरे, पण पुढच्या रविवारी तो गेला नाही.

मांत्रिकाचे हे माहात्म्य आले कोठून? त्याची वंशावळ पाहिली की उलगडा होतो. १९७१ मध्ये गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हा मध्ययुगीन युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला होता. त्याच्या अद्भुतविषयक पुरवणीत मांत्रिकाचा अग्निगोल मोठ्या गोफणयंत्राच्या माऱ्याइतका आणि त्याची वीज अवजड तोफेइतकी धरली होती. म्हणजे मांत्रिक हा मुळात तोफखाना! सैन्यात तोफखाना असला म्हणून पायदळाचा अपमान होत नाही. परंतु तीच तोफ एका गड्याची झाली आणि पायदळाचा एक शिपाई त्याच्या मित्राचा झाला, की मैत्रीत अंतर पडू लागते.

गायगॅक्स याला हे दिसत नव्हते असे नाही. त्याने तोल साधला तो काळाच्या तराजूत. पहिल्या पायरीवरच्या मांत्रिकाजवळ दिवसाला एकच मंत्र. चिलखत नाही, हाती खंजीर. दुसरी पायरी गाठण्यास लढवय्याला २,००० अनुभवगुण लागत, मांत्रिकाला २,५००, पुरोहिताला १,५००. आरंभी लढवय्याने मांत्रिकाला जपावे, पुढे मांत्रिकाने पांग फेडावेत, असा हा मनोरथ होता. वर्षानुवर्षे एकत्र खेळणाऱ्या मंडळात तो शोभतो. चार महिन्यांत पांगणाऱ्या विद्यार्थ्यांत एकाची उमेदवारी तेवढी होते आणि दुसऱ्याच्या वाट्याला थेट वार्धक्य येते.

पुरोहित या वर्गाची जन्मकथा तर तराजूतच घडली. आर्नेसनच्या मंडळात एकाचे पात्र रक्तपिपासू पिशाच झाले आणि कोणालाच आवरेना. त्याला वेसण घालण्यासाठी पिशाचांना पळविणारा धर्मपुरुष निर्माण केला, असे सांगतात. १९७५ च्या पुरवणीत चोर आला. कुलपे आणि सापळे हा त्याचा प्रांत ठरला. याचा एक विचित्र परिणाम झाला. तोवर पावले न वाजविता चालण्याचा प्रयत्न कोणीही करी. आता ते चोराचे काम असे इतरांना वाटू लागले. एकाला वतन दिले की दुसऱ्याचा रानमेवा जातो.

तथापि स्वतंत्र प्रांत देणे हा उपाय मला गुणमोजणीपेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो. १९५१ पासून ल कॉर्बूझिए याने चंदीगढची आखणी केली, तेव्हा रस्त्यांचे सात वर्ग पाडले: महामार्गापासून पायवाटेपर्यंत. मोटार आणि पादचारी यांना एकाच रस्त्यावर समान करण्याच्या भरीस तो पडला नाही. सेक्टर १७ चा चौक त्याने पायी चालणाऱ्यांसाठी राखला, आणि तेथे मोटारीचा वेग कवडीमोल झाला. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यातही हीच युक्ती निराळ्या रूपाने आढळते. १२० पानांच्या या खेळात दहा अवतारांचे दहा रंग; पाच रंगांत राजा व वजीर यांच्याखाली दश्शी थोर, तर उरलेल्या पाचांत एक्का थोर. दिवसा खेळाचा आरंभ ज्याच्या हाती राम असेल त्याने करावयाचा, रात्री कृष्ण असेल त्याने. पान तेच, पण त्याचा मान प्रहरावर अवलंबून.

२००० सालच्या आवृत्तीने सर्व वर्गांना अनुभवगुणांचे एकच कोष्टक दिले. वरकरणी हा न्याय. प्रत्यक्षात मांत्रिकाच्या पायातील बेडी निघाली आणि पंख तसेच राहिले. तक्रारी वाढल्या. २००८ मध्ये कर्त्यांनी धीटपणा दाखविला: रक्षक, प्रहारक, नेता व नियंत्रक अशा चार भूमिका ठरवून प्रत्येक वर्गाच्या करामती एकाच साच्यात ओतल्या, काही केव्हाही वापराव्या, काही प्रत्येक चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. लढवय्यालाही आता मांत्रिकाइतकेच सांगण्यासारखे झाले. तेव्हा अनेक जुन्या गड्यांनी सगळे एकसारखेच झाले म्हणून गिल्ला केला! या आवृत्तीची जेवढी निंदा झाली तेवढी ती निंद्य नव्हती, असे माझे मत आहे. तिने निदान हमालाची कैफियत ऐकली. पण गिल्ल्यातही तथ्य होतेच. मांत्रिक होणारा तेजापेक्षा गूढतेसाठी मांत्रिक होतो, आणि साच्यात गूढता मावत नाही.

२०१४ च्या आवृत्तीने बरेचसे पाऊल मागे घेतले. २०२४ च्या सुधारित पुस्तकात लढवय्याला शस्त्रागणिक एकेक करामत मिळाली आहे: एकाने शत्रूला ढकलावे, एकाने आडवे पाडावे. मांत्रिकाचे उड्डाण मात्र जागच्या जागी आहे.