मधला अपघात : ट्रकच्या शर्यती, भिंत आणि माणसाची मान

माझं संशोधन नेमकं कशावर आहे असं विचारलं की मी ‘मानेवर’ म्हणते, आणि समोरचा माणूस लगेच स्वतःच्या स्पाँडिलायटिसबद्दल बोलायला लागतो. खरं काम असं : गाडी अचानक थांबते तेव्हा डोकं आणि मान यांच्यामध्ये किती बल येतं, हे संगणकावर काढायचं. या विषयाचा इतिहास वाचताना मी अमेरिकेतल्या पिकअप ट्रकच्या शर्यतींपर्यंत पोचले. आज त्याबद्दल.

पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहाटे मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उतरवणारी गाडी येते. तिची शर्यत कोण लावणार? पण अमेरिकेत ही गाडी घरोघरी असते. 1993 मध्ये वाळवंटातल्या ऑफ-रोड शर्यतींशी संबंधित काही मंडळींनी नॅसकारपुढे कल्पना मांडली, की मोटारींसारखीच पिकअपचीही शर्यत लंबगोल ट्रॅकवर घ्यावी. 5 फेब्रुवारी 1995 ला फिनिक्समध्ये या मालिकेची पहिली शर्यत झाली. ती माइक स्किनरने जिंकली आणि त्या वर्षीचं विजेतेपदही त्यालाच मिळालं. सुरुवातीला गंमतच होती. काही ट्रॅक इतके छोटे, की गाड्या थांबवून टायर बदलायला धड जागा नाही. म्हणून फुटबॉलसारखं मध्यंतर ठेवलेलं!

नावाला पिकअप, पण आत सगळं शर्यतीच्या मोटारीचं : पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर पत्रा, वजन सुमारे दीड टन. ट्रॅक लंबगोल, वळणं सगळी डावीकडे. म्हणजे चाक सुटलं किंवा धक्का लागला, की गाडी उजवीकडे, बाहेरच्या भिंतीकडे जाणार. त्या काळात ती भिंत काँक्रीटची असायची.

आता दोन तारखा. 18 फेब्रुवारी 2000, डेटोना. या ट्रॅकवर ट्रकची ही पहिलीच शर्यत. जेफ बोडाइनचा ट्रक ताशी जवळपास 300 किलोमीटर वेगाने प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळला, पेटला, गोल गोल उलटत गेला आणि सांगाड्याखेरीज त्याचं फारसं काही उरलं नाही. काही प्रेक्षकही जखमी झाले. चित्रफीत बघून मला खात्री होती की हा माणूस गेला. तो वाचला, हाडं मोडली, आणि काही महिन्यांत परत शर्यतीत उतरला.

बरोबर एक वर्षाने, 18 फेब्रुवारी 2001 ला, तोच ट्रॅक. मोटारींच्या शर्यतीत शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर डेल अर्नहार्टची गाडी भिंतीला धडकली. बघणाऱ्यांना ती धडक साधीच वाटली. अर्नहार्ट, त्या खेळातलं सगळ्यात मोठं नाव, जागीच संपल्यासारखा होता.

इथे थोडं गणित करू, कारण त्यातच सगळं आहे. नंतरच्या चौकशी अहवालानुसार अर्नहार्टचा वेग ताशी सुमारे 160 मैल, म्हणजे 257 किलोमीटर होता, आणि गाडी भिंतीकडे 13 ते 14 अंशांच्या कोनात जात होती. भिंतीच्या दिशेने जाणारा वेग हवा तर 257 ला त्या कोनाच्या साइनने गुणायचं : आला साधारण 60. गाडी भिंतीवरून परत उसळते, घासते, ते धरून अहवालात वेगातला बदल ताशी 42 ते 44 मैल दिला आहे, म्हणजे सुमारे 69 किलोमीटर. सेकंदाला 19 मीटर. हे सगळं 80 मिलिसेकंदांत झालं असं धरू. सरासरी त्वरण येतं गुरुत्वत्वरणाच्या 24 पट, आणि क्षणिक कमाल त्याच्या साधारण दुप्पट. डोकं आणि हेल्मेट मिळून 6 किलो धरलं, तर मानेवर जवळपास 300 किलो वजन टांगल्यासारखं होतं.

आणि हा कमीत कमी आकडा. धड पट्ट्यांनी सीटला बांधलेलं असतं, ते गाडीबरोबर थांबतं. डोक्याला मात्र कुणीच धरलेलं नसतं. ते पुढे जात राहतं, उशिरा थांबतं, आणि जे उशिरा थांबतं त्याला थांबायला वेळ कमी मिळतो. म्हणून डोक्याचं त्वरण गाडीपेक्षा जास्त भरतं. ओढ इतकी होते की कवटीच्या तळाचं हाड, जिथे ती मणक्यावर टेकते, तिथेच फाटतं. (मोटारींच्या चाचणीतल्या पुतळ्याच्या मानेला अमेरिकी नियमात 4170 न्यूटन ओढीची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे 425 किलो. वरचा आकडा तिच्यापासून फार लांब नाही.)

बोडाइनचं काय? त्याने ताशी 300 चा वेग जाळी, पत्रे, चाकं उधळत कित्येक सेकंदांत घालवला. हिशेबापुरते 8 सेकंद धरा, सरासरी गुरुत्वत्वरणाच्या जेमतेम एक पट निघते. अधले-मधले झटके अर्थात मोठे होते, पण एकाच झटक्यात सगळं संपलं नाही. उडालेला प्रत्येक तुकडा थोडी ऊर्जा घेऊन जातो. भीषण दिसणं आणि जीवघेणं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वर्गात ऐकलं होतं, पटलं या दोन चित्रफिती पाठोपाठ बघितल्यावर.

या दोन तारखांच्या मधल्या वर्षाकडे फारसं कुणी बघत नाही. मे 2000 मध्ये न्यू हॅम्पशरच्या ट्रॅकवर सरावात अॅडम पेटी गेला, वय 19, शर्यतींच्या घराण्याची चौथी पिढी. आठ आठवड्यांनी, जुलैत, त्याच ट्रॅकच्या त्याच वळणावर केनी अर्विन गेला. दोघांच्याही कवटीच्या तळाचा अस्थिभंग. संशय गेला अडकलेल्या थ्रॉटलवर, म्हणजे पाय काढला तरी इंजिन जोरात चालूच राहिलं असणार. उपाय म्हणून स्टिअरिंगवर इंजिन बंद करायचं बटण सक्तीचं झालं. उपाय चुकीचा नव्हता. पण तो ‘गाडी भिंतीवर का गेली’ याचं उत्तर होता, ‘माणूस का मेला’ याचं नव्हे.

मग 13 ऑक्टोबर 2000, टेक्सास मोटर स्पीडवे. दीड मैलांचा ट्रॅक, वळणांवर त्या वेळी 24 अंशांचा उतार, आणि ट्रकची शर्यत. गर्दीत दुसऱ्या ट्रकशी संपर्क होऊन टोनी रोपरचा ट्रक झटकन उजवीकडे वळला आणि समोरून भिंतीवर गेला. दुसऱ्या दिवशी तो वारला. वय 35. कारण : मानेला झालेली गंभीर इजा.

माझ्या दृष्टीने पूर्ण गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा विदाबिंदू हाच. इथे थ्रॉटल नाही, तो ट्रॅक नाही, ते वळण नाही, गाडीचा प्रकारही वेगळा. चार गोष्टी बदलल्या आणि परिणाम तोच राहिला, तर कारण उरलेल्या गोष्टींत शोधायचं : काँक्रीटची भिंत आणि मोकळं डोकं. प्रयोगशाळेत एवढं स्वच्छ उदाहरण मिळालं तर आम्ही नाचू. पण हा ट्रक होता, मालिका तिसऱ्या दर्जाची मानली जायची, आणि रोपर कुणाचा नातू नव्हता. काही ड्रायव्हरांनी स्वतःहून मानेचं संरक्षक साधन घ्यायला सुरुवात केली. नियम झाला नाही.

आणि साधन होतं हो! 1981 मध्ये एका सहकारी ड्रायव्हरचा असाच मृत्यू पाहून जिम डाउनिंगने आपले मेहुणे रॉबर्ट हबर्ड यांना विचारलं. ते मिशिगन स्टेट विद्यापीठात जैवयांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनी खांद्यांवर बसणारी, पट्ट्यांखाली दाबून राहणारी एक कॉलर बनवली आणि तिला हेल्मेट दोन छोट्या पट्ट्यांनी जोडलं, म्हणजे डोकं धडाबरोबरच थांबेल. तिचं नाव हान्स. 1980 च्या दशकातच ती तयार होती. वर्षानुवर्षं ती कुणी फारशी घेईना : अवजड आहे, मान वळत नाही, अशा तक्रारी.

अर्नहार्टनंतर मात्र सगळं हललं. नॅसकारने चौकशी नेमली, ऑगस्ट 2001 मध्ये अहवाल आला. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांचा गट पोलादी नळ्या आणि फोमची मऊ भिंत आधीपासून बनवत होता. ती 2002 मध्ये इंडियानापोलिसला बसली आणि पुढे बहुतेक लंबगोल ट्रॅकवर पोचली. तरी मानेच्या साधनाची सक्ती अहवालातही नव्हती. ऑक्टोबर 2001 च्या सुरुवातीला शार्लटच्या ट्रॅकवर दुसऱ्या एका संघटनेच्या शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर हा ड्रायव्हर तशाच इजेने गेला, तेव्हा कुठे 17 ऑक्टोबर 2001 ला नॅसकारने आपल्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांना, म्हणजे ट्रकलाही, ते सक्तीचं केलं. टोनी रोपर जाऊन तेव्हा एक वर्ष आणि तीन दिवस झाले होते.