पारगडावरचं घराणं आणि आपला सातबारा



परवा आम्ही बचत गटाच्या बायका पारगडावर जाऊन आलो. आपल्या चंदगड तालुक्याच्या पश्चिम टोकाचा हा किल्ला. खाली कोकण, पलीकडे गोवा. पायऱ्या चढून वर गेलं की भवानीचं देऊळ, तोफा आणि नांदती घरं दिसतात.

या घरांत मालुसरे आडनावाची माणसं राहतात. त्यांचं जुनं गाव मात्र लांबचं, रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूर तालुक्यातलं उमरठ. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेताना तानाजी मालुसरे पडले. त्यांची समाधी उमरठला आहे. पुढे १६७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला पारगड उभारला आणि तानाजींचा मुलगा रायबा याला किल्लेदार नेमलं. चंद्रसूर्य असेपर्यंत गड जागता ठेवा, असा महाराजांचा हुकूम होता, असं इथले लोक सांगतात. साडेतीनशे वर्षं होत आली, वस्ती अजून आहे.

घराण्याचा माग असाच लागतो. आडनाव, मूळ गाव, समाधी, मिळालेली कामगिरी, देवीचा मान. बाप कोण, मुलगा कोण, सगळं सांगता येतं. उतरताना आमच्यातल्या एकीने विचारलं, "रायबाच्या लग्नाची गोष्ट घरोघर ठाऊक आहे. पण नवरीचं नाव काय?" कुणालाच सांगता आलं नाही. गड जागता ठेवायला चुलीही पेटत्या लागल्या असतील, पाणी भरावं लागलं असेल. ते करणाऱ्या बायकांची नावं माग काढताना हाती लागत नाहीत.

मग आम्ही आपापल्या घरचे सातबारे काढून बघितले. तिथेही बहुतेक बाप, भाऊ, नवरा.

मैत्रिणींनो, २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. घरात कुणी वारलं तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा. त्यात विधवेचं आणि सगळ्या लेकींचं नाव आहे ना, हे स्वतः बघावं. हक्कसोडपत्र पुढे आलं तर वाचून, समजून घेतल्याशिवाय सही करू नये. माहेर तुटेल ही भीती आम्हालाही आहे. म्हणून भावाशी आधी गोडीने बोलावं, पण बोलावं.

पुढे कुणी आपल्या घराण्याचा माग काढेल, तेव्हा कागदावर आपलंही नाव सापडू दे.